ग्रँड गल्च: बुलेट कॅन्यनचा चढ दुपारनंतर धरू नका

‘जेलहाऊसपासून गाडीपर्यंत अडीच तास, शेवटचा टप्पा सोपा.’ निघण्यापूर्वी तीन जणांच्या वर्णनांत हे वाचलं होतं. जेलहाऊस म्हणजे बुलेट कॅन्यन या घळीत कपारीत बांधलेलं एक जुनं घर. आम्हाला साडेसहा तास लागले, आणि त्यातले शेवटचे अडीच तास काळोखात गेले. आम्ही तिघंही सवयीचे ट्रेकर आहोत. ताई आणि मी सह्याद्रीत पंधरा वर्षं फिरतोय, दाजींचे गुडघे चोपन्नाव्या वर्षीही धडधाकट आहेत. दम कमी पडला नाही. वेळेचा हिशेब चुकला, आणि तो चुकीचाच आमच्या हाती आला होता. जे या वाटेने जाणार आहेत त्यांच्यासाठी म्हणून हे लिहितेय.

जागा युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातली, सीडर मेसा. वरून पाहिलं तर जुनिपर आणि पिन्यॉनच्या बुटक्या झाडांचं सपाट पठार. ग्रँड गल्च अगदी काठावर पोचेपर्यंत दिसत नाही. काठावरून खाली वाकलं की कळतं की पायाखालची जमीन चिरत गेलेली एक लांबलचक घळ आहे आणि तिच्या कपारींमध्ये सातशे-आठशे वर्षांपूर्वीची घरं अजून उभी आहेत. ही घरं बांधणारे लोक म्हणजे आजच्या होपी, झुनी आणि इतर प्वेब्लो लोकांचे पूर्वज. जुन्या पुस्तकांत ‘अनासाझी’ असा शब्द सापडतो. तो नावाहो भाषेतला आहे आणि प्वेब्लो लोकांना तो आवडत नाही, म्हणून वापरू नका.

हा भाग बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकात येतो. २०१६ मध्ये स्मारक जाहीर झालं, २०१७ मध्ये त्याची हद्द प्रचंड कापली गेली, २०२१ मध्ये ती परत जोडली गेली. या गोंधळात नियम आणि शुल्क बदलत राहिले, त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वीच्या वर्णनातल्या परवान्याच्या माहितीवर जाऊ नका. आम्ही मुक्कामाच्या परवान्यासाठी ऑनलाइन आरक्षणात माणशी १५ डॉलर भरले, आरक्षणाचं शुल्क वेगळं. केन गल्च रेंजर स्टेशन वसंतात आणि शरदातच उघडं असतं. परवाना तिथून घ्यायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे लावलेली पाण्याची ताजी यादी वाचायची. कुठला झरा वाहतोय, कुठला आटलाय, हे त्या यादीइतकं खरं दुसरीकडे कुठेच मिळत नाही. फोटो काढून घ्या. घळीत फोनला रेंज नाही.

आता पैशांचं. केन गल्च आणि बुलेट कॅन्यन या ग्रँड गल्चला मिळणाऱ्या दोन घळी. आमचा मार्ग केन गल्चमधून उतरून बुलेट कॅन्यनमधून वर येण्याचा, एकूण ३७ किलोमीटर, तीन दिवस. दोन ट्रेलहेडमधलं (वाट जिथून सुरू होते त्या जागांमधलं) अंतर रस्त्याने साधारण १२ किलोमीटर. गाडी शेवटाला म्हणजे बुलेटला ठेवायची आणि कुणीतरी सकाळी केन गल्चला सोडायचं, असं एका खासगी गाडीवाल्याशी फोनवर ६० डॉलरना ठरलं होतं. तो आला, सॅक डिकीत चढल्या आणि मग त्याने सांगितलं की दर माणशी ४० आहे. बारा किलोमीटरला १२० डॉलर! सकाळचे सात वाजलेले, आजूबाजूला चिटपाखरू नाही, दिले. तुम्ही देऊ नका. रक्कम ‘सगळ्यांची मिळून’ अशी मेसेजवर लिहून घ्या. त्याहून बरं म्हणजे दोघांना सॅकसकट केन गल्चला उतरवा, एकाने गाडी बुलेटला लावावी आणि सायकलने परत यावं. सायकल बुलेटला गाडीत राहणार नाही हे लक्षात घेऊन ती केन गल्चलाच कुलूप लावून ठेवा आणि शेवटी उचला. आणि पेट्रोल ब्लँडिंग या गावातच भरा. तिथून केन गल्च जवळजवळ ६० किलोमीटर आहे, मध्ये पंप नाही.

पहिला दिवस सोपा. केन गल्चची घळ हळूहळू खोल होत जाते, साडेसहा किलोमीटरवर ती ग्रँड गल्चला मिळते आणि तिथेच जंक्शन रुइन (रुइन म्हणजे जुन्या घरांचे अवशेष) आहे. त्यापुढे किलोमीटरभरावर टर्की पेन. इथे आम्ही दोन तास बसलो.

टर्की पेन हे नाव काठ्या रोवून केलेल्या एका कुडावरून पडलंय. टर्की हे मोठे पक्षी पाळायचे ते पिसांसाठीही. पिसं दोऱ्यावर गुंडाळून त्यांची उबदार पांघरुणं विणायची. ताईला भिंतीतल्या दोन दगडांमधल्या मातीत चार बोटांचे ठसे दिसले. ओली माती दाबून भरताना उठलेले, शेजारी शेजारी, करंगळीचा सगळ्यात उथळ. बोटं लहान होती, बाईची किंवा मोठ्या मुलाची असावीत. तिने स्वतःचा हात हवेतच त्या ठशांसमोर धरला, लावला नाही. खाली धुळीत मक्याचं कणीस पडलं होतं, दाणे गेलेलं, माझ्या अंगठ्याएवढं. ते जिथे होतं तिथेच ठेवलं. तुम्हीही ठेवा. १९७९ च्या कायद्याने इथून वस्तू उचलणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी ते उचलायचं नव्हतंच. १८९० च्या दशकात इथून टोपल्या, मडकी, माणसांचे सांगाडेसुद्धा खणून गाड्या भरभरून नेले गेले. आपल्याला आज दिसतं ते त्या उपशातून उरलेलं आहे.

घरांच्या समोर जो उतार असतो तो निव्वळ माती नाही. तो त्यांचा उकिरडा आहे, राख, हाडं, खापरं, कणसं यांचे थर. फोटोसाठी त्यावर चढलात की प्रत्येक पावलाला थोडा ढासळतो. बाजूच्या कातळावरून जा. भिंतीला टेकू नका, चित्रांना हात लावू नका. काळी, खडबडीत, खरपुडी आलेली माती दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका. ती जिवंत असते आणि मोडली की सावरायला कित्येक वर्षं लागतात.

दुसऱ्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. छान चाललो, कॉटनवुडची पानं पिवळी झाली होती, पाणी मिळालं. वाळूत चाल निम्मी होते एवढं धरून चला.

तिसरा दिवस. साडेनऊला बुलेट कॅन्यनमध्ये वळलो, बाराला जेलहाऊस रुइनखाली. खिडकीला काठ्यांचे गज आहेत म्हणून हे नाव. वर कड्यावर पांढऱ्या रंगाची मोठाली वर्तुळं रंगवलेली आहेत. खालून येताना ती आधी दिसतात, घर नंतर. कुणी कुणासाठी काढली असतील, येणाऱ्याला बोलावायला की थांबवायला, यावर आम्ही तिघं बराच वेळ बोललो. मग जवळच पर्फेक्ट किव्हा, जमिनीखालची गोल पूजेची खोली, जिच्या छताला मधोमध उतरायचं भोक आहे. आम्ही आत उतरलो नाही. तिथेच जेवलो, पाणी गाळून भरलं, आणि ‘अडीच तास’ डोक्यात असल्यामुळे निवांत तीनला निघालो. ही चूक.

पहिला तास झाडीत गेला. वाट ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर, मध्ये टॅमरिस्कच्या फांद्या सॅकमध्ये अडकतात. साडेचारच्या सुमारास घळ अरुंद झाली आणि खोल्यांएवढे दगड एकमेकांवर रचल्यासारखे समोर आले. सगळा घोळ इथून सुरू झाला. फोनवरचा ट्रॅक सरळ तळातून जात होता. आम्ही तळातून गेलो. दोन दगड चढलो, सॅक दोरीने ओढल्या, तिसऱ्यापुढे उभा कातळ. पावसात जिथून धबधबा कोसळतो तसा, साडेतीन पुरुष उंच, खाली गुळगुळीत, पोटात आत गेलेला.

“तू वर चढून बघ, हाताला खोबणी आहे का,” दाजी म्हणाले.

“दाजी, नाहीये. आणि असली तरी ताईला सॅकसकट चढता येणार नाही. मागे फिरू.”

मागे फिरायला पाऊण तास. मग ताईला एका दगडावर तीन खडे एकावर एक ठेवलेले दिसले, आम्ही ज्याच्या खालून गेलो होतो त्याच दगडावर. वाट तिथे तळ सोडून बाजूच्या कपारीत चढते आणि धबधब्याच्या वरून वळसा घेते. अरुंद घळीत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे ट्रॅकची रेघ इकडेतिकडे सरकते. ज्याने तो ट्रॅक टाकला तो वळशानेच गेला असणार, रेघ मात्र तळात पडली. म्हणून बुलेटमध्ये घळ अरुंद झाली की फोन खिशात टाका आणि मान वर करून खड्यांचे मनोरे शोधा. वीस पावलांत एकही दिसला नाही तर थांबा आणि शेवटच्या मनोऱ्याशी परत या.

पुढे तिरक्या कातळावरचा ट्रॅव्हर्स, म्हणजे आडवी चाल आहे. कोरडा असेल तर बुटाला पकड उत्तम मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही तिथे पोचलो तेव्हा पावणेसात वाजले होते आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य तेव्हाच मावळतो. हेडलाइटच्या उजेडात कातळाचा उतार सपाट दिसतो. ताईचा पाय दोनदा घसरला. दुसऱ्यांदा ती बसली आणि पाच मिनिटं काही बोललीच नाही. त्यानंतर मी पुढे, ती मधे, दाजी मागून तिच्या पावलांवर उजेड धरून, असे एकेक मनोरा गाठत गेलो. साडेनऊला गाडीचा रिफ्लेक्टर चमकला. थंडी शून्याजवळ आली असावी, बाटलीच्या तोंडाशी पाणी गोठल्यासारखं लागत होतं.

नंतर जेवताना दाजींनी एक गोष्ट लक्षात आणून दिली, ती मला पटली. इथला वालुकाश्म थराथराचा आहे, कठीण थराखाली मऊ थर. मऊ थर आतून झिजून पोकळ होतो, वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राहतो. घरं बांधायला मिळालेल्या कपारी अशाच झाल्या, आणि आम्हाला अडवणारा तो कातळही तसाच. त्यामुळे जिथे घरं भरपूर तिथे घळीच्या डोक्याशी असे टप्पे असणारच. दुसऱ्या घळीचा बेत आखतानाही हे गृहीत धरा.

तर माझं स्पष्ट मत असं. जेलहाऊसजवळ तिसरी रात्र काढा, झरा वाहत असल्याचं रेंजर स्टेशनच्या यादीत असेल तर. सकाळी उजाडता निघा आणि गाडीपर्यंतचे आठ किलोमीटर सॅकसह पाच तासांचे धरा. रात्र वाढवायची नसेल तर उलटं करा, बुलेटमधून सकाळी ताज्या पायांनी उतरा आणि केन गल्चमधून बाहेर या. तिथली चढण काळोखातही जमते. एकाच दिवसाचा वेळ असेल तर बुलेटचं नाव काढू नका, केन गल्चमधून टर्की पेनपर्यंत जाऊन परत या, पंधरा किलोमीटर, मनसोक्त. दहा मीटरची दोरी न्या, सॅक ओढायला. जुलै ते सप्टेंबरमध्ये अजिबात नको, आकाश निरभ्र असतानाही वीस किलोमीटरवरच्या पावसाचा लोंढा घळीतून येतो. माणशी चार लिटर पाण्याची सोय सॅकमध्ये असलीच पाहिजे. शेकोटीला घळीत बंदी आहे, स्टोव्ह न्या. विष्ठेसाठी पिशव्या न्या आणि भरलेल्या परत आणा.

हाऊस ऑन फायर हे कपारीतलं आणखी एक जुनं घर आम्ही चौथ्या दिवशी पाहिलं. सकाळी दहा-अकराच्या उजेडात छत पेटल्यासारखं दिसतं, वाट सोपी, गर्दी खूप. मोकी डगवेवरून उतरलो, खडीचा रस्ता, गाडी हळू चालवा, बाकी काही नाही.

एक चूक मात्र अजून टोचतेय. ब्लँडिंगचं एज ऑफ द सीडर्स म्युझियम आम्ही सगळ्यात शेवटी पाहिलं. ते आधी पाहा. तिथे लाल मकाव पोपटाच्या पिसांचा एक पट्टा ठेवलाय, आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा, रंग अजून जसाच्या तसा. ते पोपट या वाळवंटातले नाहीत, पिसं दूर दक्षिणेकडून मेक्सिकोच्या बाजूने आली. ताई त्या काचेसमोर खूप वेळ उभी होती. मग म्हणाली, “टर्की पेनच्या त्या भिंतीशी परत जाऊया, आपण नीट बघितलंच नाही.” एप्रिलसाठी परवान्याचं आरक्षण काल केलंय. या वेळी चार दिवसांचं.