विक्रेत्यांचा खटला अंगावर घेणारा प्रकाशक

पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आज दुपारभर अमेरिकी प्रकाशक बार्नी रॉसेट यांच्याविषयी वाचत बसलो. १९५१ साली ‘ग्रोव्ह प्रेस’ ही चिमुकली संस्था विकत घेणाऱ्या या गृहस्थांनी १९५९ मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही डी. एच. लॉरेन्स यांची कादंबरी काटछाट न करता छापली आणि तिच्या प्रती अश्लील म्हणून अडवणाऱ्या टपाल खात्याला न्यायालयात खेचले. ‘ट्रॉपिक ऑफ कॅन्सर’ या हेन्री मिलर यांच्या, अश्लीलतेचाच आरोप झालेल्या पुस्तकाच्या वेळी तर, ते विकल्याबद्दल पकडल्या गेलेल्या विक्रेत्यांच्या बचावाचा खर्चही त्यांनी उचलला, आपल्याकडे विक्रेत्याचे कमिशन देतानाच प्रकाशकाचा हात आखडतो, तो भाग निराळा. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या पुस्तकाच्या बाजूने कौल दिला, पण तोवर खटल्यांनी तिजोरी पोखरली होती. त्यांची काही प्रकाशने मला निव्वळ गल्लाभरू वाटतात. तरीही १९८५ मध्ये संस्था विकल्यावर वर्षभरातच नव्या मालकांनी त्यांना बाहेरची वाट दाखवली, हे वाचून चीड आली.