कंदलमा: पाण्याची वाट मोकळी ठेवणारं हॉटेल

श्रीलंकेला निघाले तेव्हा ज्याला त्याला वाटलं, ही सिगिरियाचा खडकावरचा प्राचीन किल्ला बघायला चालली. सिगिरिया पाहिलाच. पण खरी ओढ होती ती तिथून दहाएक किलोमीटर दक्षिणेला, कंदलमा तलावाच्या काठावर श्रीलंकेचे नामवंत वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी बांधलेल्या हॉटेलची. आर्किटेक्चरच्या कॉलेजात त्याचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. कड्याला बिलगलेली, वेलींनी झाकलेली लांबलचक इमारत. पण त्या डोंगरावर पडणारं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते फोटोत कळत नाही. मला तेच बघायचं होतं.

म्हणून जवळच्या दांबुल्ला शहरातून रिक्षा केली ती आधी तलावांकडे नेली. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, जादा पाणी सोडणारा सांडवा, खालची धानाची बांधी हे सगळं बघतच वाढले. त्यामुळे वाटेतल्या एका लहानशा गावतलावाच्या पाळीवर चढले आणि परकं असं काही वाटेचना. पाळीखाली हिरवागार भात, एका कडेला कपडे धुणाऱ्या बाया, पाण्यात कमळं.

श्रीलंकेच्या या कोरड्या पट्ट्यात बराचसा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. उरलेलं वर्ष साठवणीवर काढायचं. म्हणून इथले लोक दोन हजारांहून जास्त वर्षं तलाव बांधत आलेत. धातुसेन राजाचा कलावेव हा अवाढव्य तलाव पाचव्या शतकातला आहे. पण मला जास्त कौतुक वाटलं ते गावतलावांच्या साखळीचं. वरच्या तलावाचा सांडवा आणि त्याच्या शेतांतून झिरपलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या. एकच पाणी किती गावं वापरतात!

रिक्षावाले काका याच भागातले शेतकरी होते. त्यांनी पाण्याच्या वरच्या अंगाची झाडी दाखवली. तिला गसगोम्मन म्हणतात. ती वारा अडवते, बाष्पीभवन कमी करते. तिथेच गवताचा पट्टा असतो, पेरहन. पाणलोटातून येणारा गाळ त्यात अडकतो आणि पाणी गाळून तलावात उतरतं. पाळीच्या खालच्या अंगालाही झाडी राखलेली असते, कट्टकडुव, कारण झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार शेतात पोचण्याआधी ती शोषून घेते. ही सगळी जमीन नांगराविना ठेवलेली. कोणी ती पडीक म्हणेल, पण तलाव जगतो तो या पट्ट्यांवर.

हे डोक्यात ठेवूनच कंदलमाला पोचले. हा तलावही जुना. गेल्या शतकात तो पुन्हा बांधून काढला आणि आता महावेली नदीचं वळवलेलं पाणीही त्यात येतं.

बावा मूळचे वकील. 1957 साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते वास्तुविशारद झाले. हॉटेल कंपनीच्या मनात जागा होती ती सिगिरियाच्या पायथ्याजवळची. बावांनी ती नाकारली आणि इथला हा कडा सुचवला. इथून सिगिरिया पाण्यापलीकडे, दूर क्षितिजावर दिसतो. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधीच त्यांनी इतिहासाला धक्का लागणार नाही याची सोय करून टाकली. 1994 मध्ये हॉटेल सुरू झालं.

आत शिरताना गुहेत शिरल्यासारखं वाटतं. प्रवेशाच्या बोळात एका बाजूला मूळचा खडक तसाच आलेला आहे, ना तासलेला ना रंगवलेला. मी हात लावून पाहिला. गार, किंचित ओलसर, वरून खाली काळपट ओघळांच्या रेघा. फरशी साध्या घोटलेल्या सिमेंटची. ती खडकापाशी येते आणि थांबते. पुढे वळण घेतलं की एकदम समोर तलाव.

इमारत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ किलोमीटरभर पसरली आहे, पण एका नजरेत कुठूनच मावत नाही, कारण ती कड्याच्या वळणांप्रमाणे वळत जाते. खोल्यांकडे जाणारे बोळ वाऱ्याला उघडे आहेत. मी एका टोकाच्या जिन्याने अगदी खाली उतरले. तिथे या इमारतीचं खरं रूप दिसतं. काँक्रीटचे खांब, वर स्लॅब, आणि खाली डोंगराचा उतार जसा होता तसा: दगड, पाचोळा, मुळं. डोंगर कापून सपाट केलेला नाही. कड्यावरून येणारं पावसाचं पाणी इमारतीच्या खालून आपल्या जुन्या वाटेनेच तलावाकडे जातं. एक मुंगूस त्याच वाटेने निवांत गेलं.

वर सपाट गच्च्यांवर माती आणि झाडोरा. बाहेरच्या अंगाला लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या, त्यांवर वेली. त्या उन्हाची तिरीप अडवतात आणि माकडांना जिन्यासारख्या उपयोगी पडतात. खोलीच्या गॅलरीचं दार कडी लावूनच ठेवावं लागतं. बावांनी सांगाड्याला गडद रंग दिला तो हिरवाईत बुडून जावा म्हणून. तीसेक वर्षांत जंगलाने उरलेलं काम केलंय. संध्याकाळी तलावाच्या पलीकडच्या अंगाने पाहिलं तेव्हा इमारत शोधावी लागली.

आज सगळे कौतुक करतात, पण बांधकामाच्या वेळी इथे मोठा विरोध झाला होता. भिक्खू, गावकरी, पर्यावरणवाले रस्त्यावर उतरले. हॉटेलचं सांडपाणी तलावात जाईल ही मुख्य भीती. मला ती अगदी रास्त वाटते. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलावाच्या डोक्यावरची झाडी राखली, त्यांनी तिथे शेकडो माणसांची न्हाणीघरं येताना गप्प का बसावं? सांडपाणी शुद्ध करून ते बागेला वापरण्याची व्यवस्था हॉटेलने केली, ती या वादाच्या पार्श्वभूमीवर. या इमारतीचं श्रेय देताना विरोध करणाऱ्यांचंही नाव घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. वास्तुविशारद जागा वाचू शकतो, पण तलावावर कोणाकोणाचं पोट आहे ते गावच सांगतं.

आमच्याकडे तलावाच्या काठावर लॉन, मंगल कार्यालयं, फार्महाऊस उठताहेत. पहिलं काम म्हणजे जेसीबी लावून उतार सपाट करायचा आणि नाल्यावर भर टाकायची. पेरहनसारखा गवताचा पट्टा तर कोणाच्या हिशेबातच नसतो. मला हे बघवत नाही. कंदलमात काँक्रीट कमी नाही, भरपूर आहे. पण ते खांबांवर उचललंय आणि खालची जमीन पाण्याकडेच राहू दिली आहे. एवढं करायला पंचतारांकित बजेट लागत नाही.

मुक्काम महाग आहे. बजेट नसेल तर दांबुल्लात साध्या गेस्ट हाऊसमध्ये राहा, लेणी बघा आणि एखादी सकाळ गावतलावांसाठी राखून ठेवा. मी गेले तेव्हा फेब्रुवारी होता, तलाव भरलेले, पण कड्यावरचे ओघळ थांबलेले. कोणी नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसात गेलात तर त्या टोकाच्या जिन्याने खाली उतरा आणि खांबांमधून पाणी नेमकं कसं वाहतं त्याचा व्हिडिओ काढून मला नक्की पाठवा.