हरिकेन की डिझेल: जीपच्या इंजिनाचा निकाल लागला

मंडळी, मागच्या नोंदीत माझ्या जीपच्या हरिकेन या पेट्रोल इंजिनाचं हेड उतरवून ठेवलं होतं. ब्लॉक धुऊन लेथवाल्याकडे नेला आणि त्यानं टॉर्च मारून दाखवलं: तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून थेट बोअरपर्यंत, म्हणजे पिस्टनच्या नळीपर्यंत तडा. या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडात आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकात. त्यामुळे हेड बदलून भागत नाही. बोअरमध्ये नवी नळी, म्हणजे स्लीव्ह मारता येईल, पण सीटची हमी देणार नाही, असं तो स्पष्टच म्हणाला.

म्हणजे माझी जीप, सीजे-3बी, आता इंजिनाविना. गंमत अशी की, हिचं बॉनेट उंच केलं ते या हरिकेनसाठीच, कारण आधीच्या बुटक्या इंजिनापेक्षा हे उंच होतं. आता तीच उंची डिझेल बसवायला कामी येणार.

डोक्यात चार पर्याय होते. दुसरं हरिकेन शोधायचं. कॉन्टेसातलं 1817 सीसीचं इसुझू पेट्रोल घालायचं. ते पळतं छान, पण गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट बनवून घ्यावी लागते. तिसरं महिंद्राच्या एमएम 540 जीपमधलं प्यूजो डिझेल, 2112 सीसी. चौथं महिंद्राचं एमडी-2350 डिझेल, म्हणजे इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं.

मी मनातून इसुझूकडे झुकलो होतो. मग एका रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

माझ्या जीपचा डिफ्रन्शल रेशो 5.38 आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.38 फेरे. क्राऊनचे 43 दात, पिनियनचे 8. टायर 6.00-16, उंची साधारण 28 इंच. टॉप गिअरला 2500 आरपीएमवर वेग येतो ताशी 62 किलोमीटर. 3500ला 87. पेट्रोल इंजिन 3500ला कुरकुरत नाही. ट्रॅक्टरचं रक्त असलेलं डिझेल तिथे नेलं तर रडेल. हायवेवर मागून येणारे टेम्पोसुद्धा हॉर्न मारून पुढे जाणार, हे लिहून ठेवा. रेशो बदलायचा तर पुढचा-मागचा दोन्ही एकदम बदलावे लागतात, नाहीतर फोर बाय फोर टाकल्यावर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात. तेवढे पैसे आत्ता नाहीत.

पण हेच गणित लो रेशोमध्ये करून बघा. टी-90 गिअरबॉक्सचा पहिला गिअर 2.798, स्पायसर 18 ट्रान्सफर केसचा लो 2.46, त्यावर 5.38. गुणाकार 37. 700 आरपीएमवर जीप ताशी अडीच किलोमीटरनं सरकते. डिझेलचा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, आयडलिंग धरून ठेवतो, म्हणजे दगडांवरून उतरताना अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायलाच नको. आणि पावसाळ्यात ओढ्यात शिरलं की पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर भिजायची भानगड नाही. मागच्या वर्षी ताम्हिणीच्या बाजूला मी पाऊण तास त्याची कॅप पुसत बसलो होतो, ते काहींना आठवत असेल.

तरी निकाल लागला तो कागदावर. आरसी बुकात इंधन ‘डिझेल’ लिहिलंय. मला इतके दिवस वाटायचं की ही कोणा कारकुनाची चूक. आता त्यातला इंजिन नंबर नीट वाचला, तर तोही हरिकेनचा नाही. आधीच्या मालक काकांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, गाडीत डिझेलच होतं. रीतसर पासिंग करून घेतलेलं. पोराला पळणारी गाडी पाहिजे होती म्हणून नंतर पेट्रोल टाकलं. डिझेल विहिरीवर आहे की, पाणी ओढतंय अजून.”

म्हणजे मीच कागदावर नसलेलं इंजिन घेऊन फिरत होतो! गाडीत नोंदीबाहेरचे बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल वाचल्यावर इसुझूचा मोह उतरला. भोर तालुक्यात काकांच्या शेतावर गेलो, ब्लॉकवरचं ग्रीस खरवडलं. निघालं एमडी-2350, आणि नंबर आरसीशी जुळला. अंकन् अंक. काकांना नवी मोटर बसवून दिली आणि इंजिन पिकअपमध्ये घालून आणलं. (ते उचलताना शेजारच्या दोघांनी ‘एवढ्याशा गाडीत हे?’ असं विचारलं. रास्त प्रश्न.)

सध्याची परिस्थिती अशी. फ्यूल पंप कॅलिब्रेशनला दिलाय, नोझल तपासायला. पिस्टन-रिंगांची चिंता नाही, तालुक्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानात त्या मिळतात. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एकेक पान वाढवावं लागेल, कारण वजन बरंच वाढतंय. ब्रेक मात्र आधी. नऊ इंची ड्रम घेऊन हे धूड घाटात उतरवायची माझी छाती नाही.

अडलंय ते बेल हाउसिंगपाशी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या खोळीपाशी. विहिरीवर जाताना ते कुठेतरी गहाळ झालंय. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार आणि एक बुधवार फिरलो. एक मिळालं, पण स्टार्टरच्या कानाला तडा. कोणाकडे सीजे 500 डीचं (याच इंजिनाच्या महिंद्रा जीपचं) बेल हाउसिंग पडून असेल तर कळवा. तडा नसलेलं.