आभारप्रदर्शन

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात स्वागत, अहवाल, सत्कार हे दरवर्षीसारखं यंदाही झालं. अध्यक्षांना दहा मिनिटं दिली होती, त्यांनी पस्तीस घेतली. असो.

मला ओढ असायची ती आभारांची. लोक हसतील, कारण आभार सुरू झाले की सभागृहात चपला शोधायची घाई होते. पण आमच्याकडे आभार मानायला तो उभा राहायचा. माझा शेजारी, पहिलीपासूनचा सोबती. आमच्या दोन घरांत भिंत एकच. परीक्षेच्या आदल्या रात्री तो भिंतीवर टकटक करायचा. एकदा म्हणजे ‘जागा आहेस का?’, दोनदा म्हणजे ‘झोपतो आता.’ पुढे केस पिकले तरी मेळाव्याच्या आदल्या रात्री त्याच भिंतीतून त्याची तालीम ऐकू यायची. नुसती नावं. कुठे अडला की पुन्हा पहिल्यापासून.

कागद म्हणजे निमंत्रणपत्रिकेची कोरी बाजू, चार घड्या घातलेली. पाहुणे वरच्या एका ओळीत उरकलेले. खाली बारीक अक्षरात बाकी सगळे: सतरंज्या झटकणारे, फळ्यावर खडूने स्वागत रेखाटणाऱ्या चित्रकलेच्या बाई, वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून चिकटपट्ट्या लावत फिरणारा माइकवाल्याचा मुलगा. ‘ज्ञात-अज्ञात’ हे शब्द त्याने कधी वापरले नाहीत. म्हणायचा, “अज्ञात कसले? आपण विचारलं नाही म्हणून अज्ञात.” ज्याचं नाव यायचं तो मागे कुठेतरी दाराशी उभा असायचा आणि एकदम खाली बघायचा. दरवर्षी त्या क्षणी माझा घसा दाटायचा.

२०२० साली करोनामुळे मेळावा झालाच नाही, २०२१ ला मोबाइलच्या पडद्यावर झाला. हा बोलायला लागला आणि माइक बंद! सगळे हातवारे करताहेत, याचं कागदावरून डोकं वर येत नाही. मला मात्र भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. मी एकेक नाव टाइप करून ग्रुपवर टाकत गेलो.

तो गेला तेव्हा त्याच ग्रुपवर साठेक जणांनी हात जोडले. मेळाव्याला त्यातले किती आले? एकतीस. मी मोजले. श्रद्धांजलीच्या भाषणात एकाने त्याला ‘अजातशत्रू’ म्हटलं. कसला अजातशत्रू! पाण्याच्या टाकीवरून माझ्याशीच तीन वर्षं अबोला धरला होता. तेव्हाही तालीम ऐकू यायचीच, आणि एखादं नाव सुटलं तर मी अलीकडून मोठ्याने खाकरायचो.

यंदा आभार माझ्याकडे आले. वहिनींनी त्याचा गेल्या वर्षीचा कागद काढून दिला. आदल्या रात्री तो घेऊन मी बसलो, मोठ्याने वाचू लागलो. तिसऱ्यांदा एकाच नावावर अडलो तेव्हा पलीकडून भिंतीवर टकटक झाली. एकदाच. वहिनींना आमची खूण ठाऊक असण्याचं कारण नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आवाज कमी करा असंच म्हणायचं असेल.

दुसऱ्या दिवशी कागद हातात असूनही गडबडलो. राहून गेलेले इथे नोंदवतो: मागचं दार उघडून देणारे शिपाईमामा, नाव नोंदणीच्या टेबलावर शेवटपर्यंत बसलेल्या आमच्याच वर्गातल्या दोघी, फोटो काढता काढता स्वतः एकाही फोटोत नसलेला धाकट्या तुकडीतला मुलगा, आणि कार्यक्रम संपल्यावर न सांगता खुर्च्या रचणारे चौघे. शिवाय जिन्यापाशी सगळ्यांच्या चपला जोडीने लावत बसलेली दोन पोरं. त्यांची नावं विचारायची राहिली. शिपाईमामांना सांगून ठेवलंय, ते सोमवारी कळवतो म्हणालेत.