बोट लागणे

नाना पेठेत जाऊन "फेंडर आहे का?" असं विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या गाडीचं?"

"गाडीचं नाही. बोटीचं."

दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. पुण्याला समुद्र नाही, हे त्याने मला ऐकवलं नाही. नाना पेठेच्या मानाने एवढं सौजन्य पुष्कळ झालं. "काका, स्कूटरचे जुने टायर न्या. सगळे तेच बांधतात."

तसा तो खोटं बोलत नव्हता. भाऊच्या धक्क्यावर बघा, बोट धक्क्यावर आपटून घासू नये म्हणून टायरच टायर लोंबत असतात. आणि पुण्याला बोटीचं वावडं आहे असंही नाही. आज सारसबाग आहे तिथे नानासाहेब पेशव्यांचं तळं होतं, म्हणून तर तिथला गणपती अजूनही 'तळ्यातला'. इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब 1928 पासून मुठेवर आहे. पण त्या शर्यतीच्या होड्या इतक्या नाजूक, की काम झालं की पोरं त्या खांद्यावर घेऊन चालू लागतात. फेंडर वगैरे नाहीच. नाकाच्या टोकावर लिंबाएवढा रबरी चेंडू तेवढा असतो, टक्कर झाली तर समोरच्याच्या पाठीत टोक घुसू नये म्हणून.

आमची बोट तशी उचलून नेण्यातली नाही. म्हणजे बोट माझी नाही, मेहुण्याची. उभी हयात मालवाहू जहाजांवर काढून तो निवृत्त झाला आणि गप्प कोथरूडला राहायचं सोडून त्याने सोळा फुटी फायबरची सेकंडहँड बोट घेतली. पानशेतच्या पाण्यावर एका ओळखीच्यांच्या जागेत, लोखंडी पाइप आणि फळ्यांच्या धक्क्याला ती बांधलेली असते. मला बोट लागते. मांडव्याला जाताना लिंबू हुंगत बसणारा माणूस मी. त्यामुळे त्याने कामाची वाटणी केली: "दाजी, तुम्ही फक्त फेंडर बघा."

फेंडर म्हणजे बोट आणि धक्का यांच्यामध्ये चेपून घ्यायला ठेवलेली वस्तू. हवा भरलेला प्लास्टिकचा दुधी, दोन्ही टोकांना दोरी ओवायला भोकं. गोल भोपळ्यासारखेही मिळतात. मापाचा ठोकताळा असा, की बोटीच्या दर चार फुटांना एक इंच जाडी. म्हणजे आमच्या सोळा फुटांना चार इंच. शंका आली तर एक माप मोठं घ्यावं, लहान कधीच नाही. एका बाजूला तीन हवेत: एक बोटीच्या पोटाला, जिथे ती सगळ्यात रुंद असते तिथे, आणि त्याच्या पुढेमागे एकेक.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी नाना पेठेचं ऐकून वडिलांच्या चेतकचे दोन दहा इंची टायर माळ्यावरून काढले आणि गच्चीत ठेवले. आठवड्याने महापालिकेचा डासवाला आला. कुंड्यांच्या ताटल्या बघून झाल्यावर त्याने टायरमध्ये टॉर्च मारला आणि काही न बोलता मला जवळ बोलावलं. आत वळवळ चालू होती. टायरला खालून भोकं पाडायची असतात, हा धडा मी तिथे शिकलो. दुसरा धडा पानशेतला. मेहुण्याच्या पांढऱ्याशुभ्र बोटीवर चेतकने एका दुपारीत काजळाची बोटं ओढून ठेवली. तो काही बोलला नाही. त्याची बहीण बोलली.

मग रीतसर फेंडर मागवले. त्यांच्या हवेचं गणित मात्र मला मनापासून आवडलं. फुटबॉलची सुई लावून पंपाने भरायची. किती? अंगठ्याने दाबल्यावर जरा आत जाईल इतकी, पिकायला आलेल्या हापूससारखी. पहिल्यांदा मी सकाळी सहाला, कोथरूडच्या गारव्यात, टणटणीत भरली. एप्रिल होता. पानशेतला दुपारी बाराच्या उन्हात हवा फुगून फेंडर पाटा-वरवंट्याइतके कडक. बोट धक्क्याला टेकली की चेंडूसारखी परत उडायची. चेपलं जाणं हेच ज्याचं काम, त्याला चेपताच येत नव्हतं. आता उन्हाळ्यात मी मुद्दाम ढिले भरतो.

टांगायची उंची हा आणखी एक घोळ. समुद्राला भरती-ओहोटी असते, धरणाला पुणेकर असतात. आमचे नळ चालू आणि पानशेतचं पाणी खाली. धक्का जागच्या जागी, बोट मात्र दर पंधरवड्याला थोडी बुटकी. मी मागच्या खेपेच्या उंचीवरच फेंडर बांधले. धक्क्याच्या फळ्या आता बोटीच्या काठाच्या वर, आणि समोर नुसते उभे पाइप. गोल पाइप आणि गोल फेंडर, लाट आली की एकमेकांना चुकवून जायचे. खर्रर्र असा आवाज झाला, आणि माझ्या बोटभर लांबीचा ओरखडा अजून तिथे आहे. त्यावरचा उपाय जुना आणि साधा: दोन फेंडरच्या बाहेरून एक आडवी फळी टांगायची. पाइप फळीला घासतो, फळी फेंडरला दाबते, बोट सुखरूप.

एकदा माझी गाठ सुटली आणि फेंडर तरंगत निघून गेला. मेहुण्याने "माणूस पाण्यात!" अशी आरोळी ठोकली, रीतसर वळसा घेतला, आणि हुकाने तो दुधी वर काढला. मला तेवढ्यात दोनदा बोट लागली. तेव्हापासून गाठ त्याने मारायची असं ठरलंय. बोट सुटली की फेंडर लगेच आत घ्यायचे, यावरही तो हटून बसतो. फेंडर लोंबकळत ठेवून बोट चालवणं म्हणजे त्याच्या लेखी पायजम्याची नाडी लोंबत ठेवून लक्ष्मी रोडने जाणं.

निगा म्हणाल तर साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि सावली. मी एका फेंडरवरचा डाग बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरने काढायला गेलो. डाग गेला, चकाकीही गेली, आणि फेंडर जन्माचा चिकट झाला. दिसेल ती धूळ अंगाला लावून घेतो. बायकोने त्याच्यावर जुन्या जीन्सचा अभ्रा शिवला. छान दिसला, पण जाड विणीत वाळूचे कण जाऊन बसले आणि त्याचा पॉलिशपेपर झाला.

शेवटी तो चिकट फेंडर मी घरी आणला आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला टांगला. त्या खांबाने आजवर चार गाड्यांचे कोपरे खाल्लेत, त्यातले दोन माझे. कोणाची तक्रार आली नाही. तिसऱ्या दिवशी खांबावर खडूने, तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं:

"येथे बोट लावू नये."

आता हे चिकट फेंडरबद्दल आहे की पार्किंगबद्दल, ते विचारायला मी काही गेलो नाही.