पात्रावांचे बटन टायर

गोव्यात वाळपईला माझं टायरचं दुकान आहे. आषाढातला गुरुवार, पाऊस असा लागलेला की शटर अर्धंच वर केलं होतं. तेवढ्यात बाजाराच्या बाजूने घूंऽऽ करत आवाज आला. घासलेले बटन टायर, म्हणजे चिखलासाठीचे उंच सुट्या बटनांचे टायर, डांबरावरून असेच घुमतात. पोऱ्याला म्हटलं, "जॅक काढ, पात्राव आले."

पात्राव म्हणजे सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावचे बागायतदार, साठी ओलांडलेले. कुळागर (पोफळीची बाग), केळी, थोडी काजू आणि चारही चाकांना जोर घेणारा पिकअप. दोन वर्षांपूर्वी त्यांना ते बटन टायर मीच विकले होते.

पिकअपचं डावं मडगार्ड आत गेलेलं, नंबरप्लेट तारेने बांधलेली. आदल्या रात्री साखळीहून येताना वळणावर ब्रेक मारला आणि गाडी वळलीच नाही, सरळ गटारात गेली. नशिबाने मार लागला नव्हता. मागे ताडपत्रीखाली आणखी चार टायर होते, तेही बटनच.

"हे बसव. बेळगावकडे मिळाले, आठ हजारांत चार. वापरलेलेच नाहीत, केससुद्धा तसेच आहेत बघ."

केस खरंच होते. साच्यातून निघालेल्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते बघून लोक टायर नवा म्हणून घेतात. पण गोदामात नुसत्या पडलेल्या टायरचे केस जातील कशाला? मी टायर उलटा केला आणि रिमजवळचा लांबट गोल शोधला. त्यात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. बरेचदा ते एकाच बाजूला छापलेले असतात आणि विकणारा नेमकी दुसरी बाजू समोर करतो. आकडा होता ४११३. म्हणजे २०१३ सालचा ऑक्टोबर.

बटनावर अंगठ्याचं नख दाबलं. ताज्या रबरात नख रुततं, इथे नखच वाकलं. मग गुडघा देऊन टायर वाकवला, तेव्हा दोन बटनांमधल्या खाचेत बारीक भेगा उघडल्या, उन्हाळ्यात शेतजमीन उलते तशा. साइडवॉलवर, रिमच्या अगदी वर, आणखी एक गोल भेग होती.

"पात्राव, हे मी बसवणार नाही."

"का? नक्षी पुरी आहे."

"नक्षी आहे, रबर मेलंय. केळी भरून म्हापशाला निघालात तर कुठेतरी बाजू फाटेल."

पात्राव तापले. "आणि तू दिलेले कुठे टिकले रे? अडतीस हजार मोजून घेतलेस तेव्हा टिकाऊ म्हणाला होतास!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा मागवला आणि गेज घेऊन त्यांच्या गाडीखाली बसलो. नवे दिले तेव्हा नक्षी १४ मिलिमीटर खोल होती. आता मध्ये ७ आणि दोन्ही कडांना ४. बटनांवरून एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर किसणी. हवा मोजली. पुढच्या डाव्या चाकात १९ पौंड.

"हवा कुणी काढली?"

"मीच. चिखलात कमी हवा लागते ना? पुतण्याने शिकवलं."

"मग डांबराला लागल्यावर भरत नाही?"

"बागेत कुठला पंप? कमीच ठेवतो झालं."

पुतण्याने अर्धंच शिकवलं होतं. त्या टायरच्या बाजूला १०४ लिहिलंय. त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ९०० किलो, पण तेही हवा पूर्ण असताना. १९ पौंडांवर केळीचे घड लादून चाळीसेक किलोमीटर म्हापशाला जायचं म्हणजे टायर बाजूंवर लोळणार, तापणार आणि कडा खाणार. शिवाय बटन टायरचं मुळात डांबराशी जमत नाही. उंच सुटी बटनं, प्रत्येक बटन रस्त्यावर टेकताना वाकतं आणि सुटताना घासतं. ओल्या डांबरावर तर रबर टेकतं कमी, त्यात पाणी कापायच्या बारीक चिरा जवळजवळ नाहीतच. लोकांना वाटतं एवढे दात आहेत म्हणजे पावसात पकड जास्त. चिखलात जास्त, डांबरावर कमी.

मग ट्यूबच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनने हिशेब मांडला. दोन वर्षांत गाडी २१ हजार किलोमीटर चालली. त्यातला चिखल किती? बागेची वाट दोन किलोमीटर, रोज जाऊन येऊन चार, पावसाचे चार महिने. दोन पावसाळ्यांचे मिळून हजार किलोमीटरही भरत नाहीत. बाकीचे वीस हजार दर शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, साखळी, डिचोली, सोयरेधायरे. आणि टायरचा खर्च किलोमीटरला एक रुपया ऐंशी पैसे.

हा हिशेब दोन वर्षांपूर्वीच करायला हवा होता, आणि तो माझा धंदा आहे. तेव्हा ते म्हणाले "चिखल आहे, बटन दे" आणि मी दिले. तो माल सहा महिने पडून होता, हेही लिहून टाकतो.

"ऑल टेरेन घाला," मी म्हटलं. हे चिखल आणि डांबर दोन्हीकडे चालणारे टायर. बटनं बुटकी आणि एकमेकांना लागून, डांबरावर नीट वापरले तर याच्या दुप्पट जातील.

"आणि व्हाळाकडे, ओढ्याशी अडकलो तर तू येणार ओढायला?"

म्हटलं, आत्ताच जाऊन बघू. माझ्या जीपला त्याच मापाचे, अर्धे झिजलेले ऑल टेरेन होते. दुपारी पाऊस उघडल्यावर निघालो.

वाट पोफळींमधून खाली व्हाळाकडे उतरते आणि शेवटी साठेक पावलं नुसता लाल लगदा. ३२ पौंड हवेवर शिरलो. दहा पावलांत टायरची नक्षी मातीने भरली, चाकं तेल लावलेल्या लाटण्यासारखी जागच्या जागी फिरायला लागली. पात्राव बांधावर छत्री धरून उभे, काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

खाली उतरलो, घोट्यापर्यंत रुतलो आणि चारही टायरची हवा १८ वर आणली. टायर पसरून त्याचा ठसा लांब झालेला डोळ्यांना दिसतो. चिखल थोडा उकरला, लो गिअरमध्ये दुसरा टाकला आणि ॲक्सिलरेटर न दाबता क्लच सोडला. गाडी आधी थरथरली, मग गोगलगायीसारखी सरकत पलीकडे गेली. परत येतानाही आली, फक्त मधल्या एका खड्ड्यात घसरली.

"इथे चिऱ्यांचा चुरा टाका," मी म्हटलं. "खाणीवर तुकडे पडलेले असतात, दोन ट्रॉल्या आणा. टायरपेक्षा स्वस्त."

दुकानात परत आल्यावर घासाघीस झाली. चार ऑल टेरेनचे एकतीस हजारांचे साडेएकोणतीस झाले, वर बॅटरीवर चालणारा पंप घ्यायला लावला. मागे दोन जुने बटन ठेवू का, असं त्यांनी विचारून बघितलं. नाही म्हटलं. पुढचे-मागचे टायर वेगळ्या उंचीचे झाले की चारही चाकांचा जोर लावल्यावर गिअरपेटीत ओढाताण होते आणि तो खर्च टायरच्या बापाचा. दर आठ हजारांनी पुढचे मागे करून घ्यायचे, हेही बजावलं. बेळगावचे चार परत न्यायला पात्राव तयार नव्हते. पोऱ्याने पाणी साचू नये म्हणून त्यांना भोकं पाडली, आता ते त्यांच्या अंगणात अळू लावायला गेलेत.

पुढच्या शुक्रवारी बाजार करून येताना ते थांबले. अर्धा घड केळी टेबलावर ठेवली.

"गाडी गुपचूप चालते रे आता. पण मागून काहीतरी कुरकुरतं. तुझ्या टायरचाच आवाज नव्हे ना?"

जॅक लावला, मागचं उजवं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. बेअरिंग गेलं होतं. किती महिने गेलेलं असेल कोण जाणे, बटनांच्या घुमण्यात ऐकूच आलं नव्हतं.