दार माणसांना, झरोका सूर्याला

जुलै महिना, तरी अंगात स्वेटर आणि वर रिमझिम. आयर्लंडमधल्या डब्लिनहून तासाभरात बॉइन नदीकाठच्या न्यूग्रेंजला पोचलो, तर समोर नुसती गवताळ टेकडी. पुढची पांढऱ्या गारगोट्यांची भिंत गेल्या शतकात पुन्हा रचलेली आहे. मला ती जरा जास्तच चकाचक वाटली.

खरी गंमत आत. इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची ही समाधी, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून जुनी. १९ मीटरची बोळकांडी, अंग चोरून, मधे तर चक्क तिरकं होऊन जायचं. आतल्या दालनाचं छत चुन्याशिवाय, दगडावर दगड पुढे सरकवत सहा मीटर उंच नेलंय. पाच हजार वर्षांत गळलेलं नाही. (आमच्या गच्चीला तिसऱ्यांदा वॉटरप्रूफिंग झालंय.)

गाइडने खाली बघायला सांगितलं. वाट चढत चढत येते, दालनाची जमीन दारापेक्षा जवळजवळ दोन मीटर उंच. त्यामुळे दारातून आलेलं ऊन मधेच संपतं. म्हणून दाराच्या वर वेगळा झरोका ठेवलाय. डिसेंबरात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, उगवत्या सूर्याची तिरीप त्यातून थेट आत येते आणि सतरा मिनिटं राहते. झरोका गारगोटीच्या ठोकळ्यांनी बंद करत. ते पुन्हा पुन्हा सरकवल्याचे ओरखडे दगडावर सापडलेत. मला तर ते कोरीव सर्पिलांपेक्षाही जिवंत वाटले. कुणीतरी दिवस मोजत असणार, वेळ आली की ठोकळा ओढत असणार.

सूर्य आत येतो, असं गावातले लोक सांगतच होते. उत्खनन करणारे प्राध्यापक ओ'केली २१ डिसेंबर १९६७ ला पहाटे आत बसले, तेव्हा खात्री पटली.

मग दिवे मालवले. गुडुप अंधार. जमिनीवरून एक पिवळी रेघ सरकत आली. बल्बचीच, पण सगळे गप्प. मला कोल्हापूरचा किरणोत्सव आठवला: तिथे मावळतीचं ऊन अंबाबाईच्या चरणांवरून मुखाकडे चढतं, आणि गाभाऱ्याबाहेर अशीच शांतता असते.

खरी तिरीप पाहायला सोडत निघते, हजारो अर्ज येतात. मी नाव घालायचं म्हटलं, तर डब्लिनकर ताई हसली. "नंबर लागेलही गं. पण डिसेंबरात इथे सूर्य दिसला, तर आम्ही त्याचा फोटो काढून आईला पाठवतो."